लाल दिवे लागण्याआधी

सिकंदर मिस्त्रींचा तिसरा फोन आला तेव्हा राजवीरला कळून चुकलं, की आता टाळाटाळ चालायची नाही. पहिले दोन फोन त्याने चुकवले होते. एकदा जहाजावर आहे म्हणून सांगितलं, एकदा मीटिंगमध्ये आहे म्हणून. दोन्ही वेळा तो गोव्यातल्या आपल्या क्वार्टरच्या गच्चीत, दोरीवरच्या वाळत्या कपड्यांकडे बघत नुसता उभा होता. तिसऱ्यांदा म्हातारा म्हणाला, "साहेब, रजेवर तुमच्या गावाला, नेसरीला आलाईसा आसं कळलं. नेसरीपास्नं कोल्हापूर काय लांब न्हाई. तासाभरासाठी या. एक काम हाय तुमच्याकडं, फोनवर सांगण्यासारखं न्हाई."

फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणजे काय, याचा राजवीरने रात्रभर कीस पाडला. म्हाताऱ्याला कळलं असेल. कुणीतरी सांगितलं असेल. पण सांगणार कोण? ते पाच शब्द फक्त दोघांना माहीत होते, आणि त्यातला एक समुद्राच्या तळाशी होता.

तो निघाला. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता. एरवी त्याने हॉर्नवरचा हात काढला नसता. आज ट्रॅक्टरमागे गुमान रांगत राहिला, आणि जितका उशीर होईल तितकं त्याला बरं वाटत होतं. कमांडर राजवीर नांदवडेकर, समुद्रात हलणाऱ्या जहाजावर दोनशेवर वेळा लढाऊ विमान उतरवलेला गडी, एका लेथवाल्या म्हाताऱ्याला घाबरत होता. घाबरायला कारणही तसंच होतं.

बागल चौकाच्या मागच्या गल्लीत मिस्त्रींचं दोन खोल्यांचं घर. सिकंदर मिस्त्री दारातच उभे होते. सत्तरीला टेकलेला माणूस, उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर काढलेली, उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं मशीनने नेलेली. तरी हात जोडले तेव्हा ते पुरे वाटले.

"या साहेब, या. आत या. शबनूर, पाणी आण गं."

त्यांची मुलगी शबनूर पाणी घेऊन आली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. आतल्या दाराच्या चौकटीला टेकून हाफिजाबी बसल्या होत्या, मिस्त्रींची बायको, तीन महिन्यांपूर्वी समुद्रात गेलेल्या खिजरची आई. भिंतीवर खिजरचा पांढऱ्या गणवेशातला फोटो होता. त्याला हार नव्हता. राजवीरने फोटोकडे पाठ होईल अशी खुर्ची निवडली.

"च्या घ्या. आन मग सांगतो," मिस्त्री म्हणाले.

राजवीरने कप नुसता हातात धरला. मिस्त्रींनी मात्र निवांत बशीत ओतून घेतला आणि सुरुवात केली.

"साहेब, आमच्यात एक रीत हाय. माणूस गेला की मातीच्या वक्ताला घरातल्यानं सगळ्यांस्नी इचारायचं, ह्येनं कुणाला दुखावलं असंल, कुणाचं मन मोडलं असंल, तर माफ करा. माणसाचा गुन्हा माणसानंच माफ करावा लागतो, त्यात अल्लाबी मधी पडत न्हाई. आता आमच्या पोराची मातीच न्हाई झाली. पाच दिवस तुम्ही लोकांनी दर्या धुंडला, निस्तं हेल्मेट मिळालं. मग इचारायचं कुणाला, आन कवा? मी म्हटलं, लोक मातीला येत न्हाईत तर आपुन लोकांच्याकडं जायाचं."

आणि ते खरंच गेले होते. गेला महिनाभर हा माणूस संध्याकाळी लेथचं दुकान बंद करून कोल्हापुरात दारोदार हिंडत होता. खिजरने आठवीत असताना ड्रॉइंगच्या पिराजी सरांच्या सायकलची हवा सोडली होती, ते सर आता अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या उशाशी बसून मिस्त्रींनी माफी मागून आणली. शेजारच्या बनाबाईंच्या टोमॅटोच्या पाटीत याचा क्रिकेटचा चेंडू पडला होता. गंगावेशीत धारोष्ण दूध विकणाऱ्या एकाच्या म्हशीच्या शेपटीला कार्ट्याने दिवाळीत लवंगी माळ बांधली होती.

"त्यो दूधवाला म्हणतो कसा," मिस्त्री हसले, "मिस्त्री, मी माफ केलं, पन म्हशीचं काय सांगता येत न्हाई."

शबनूरही हसली. राजवीरलाही हसू आलं.

"सत्तावीस दारं झाली साहेब. सगळ्यांनी माफ केलं. उद्या जुम्मा, नमाजानंतर घरात कुराणखानी ठिवलीया, त्येच्या नावानं कुराण वाचायचं. आता एकच माणूस ऱ्हायलाय. ज्येचा खिजरनं सगळ्यात मोठा गुन्हा केला." त्यांनी बशी खाली ठेवली. "तुम्ही."

राजवीरला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण चूक नव्हती.

जहाजावर विमान उतरवणं म्हणजे काय, हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटत नाही. डेकवर तीन पोलादी दोर आडवे ताणलेले असतात. विमानाच्या शेपटाखाली एक आकडा. तो आकडा तीनपैकी एका दोरात अडकला तर विमान दोन सेकंदांत जागच्या जागी थांबतं. नाही अडकला तर वैमानिकाने पुन्हा हवेत उडायचं, म्हणून तो टेकतानाच इंजिन पूर्ण जोरात ठेवतो. जहाज पुढे पळत असतं, लाटांवर खालीवर होत असतं, आणि पुढ्यात जागा असते ती आपल्या राजारामपुरीतल्या एखाद्या गल्लीएवढी. म्हणून डेकच्या मागच्या कोपऱ्यात एक अनुभवी वैमानिक उभा करतात. तो येणाऱ्या विमानाकडे बघत वैमानिकाच्या कानात बोलतो. उंची कमी, जोर दे, ठीक आहे. त्याच्या हातात एक बटण असतं. ते दाबलं की लाल दिवे लागतात, आणि लाल दिवे लागले की वैमानिकाने दुसरा विचार न करता वर निघून जायचं. त्या कोपऱ्यातल्या माणसाच्या वर कुणी नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस त्या संध्याकाळी कोपऱ्यात राजवीर होता.

समुद्र खवळलेला, आभाळ खाली आलेलं. खिजर दोनदा येऊन गेला होता, दोन्ही वेळा आकडा दोरावरून उसळून निसटला. किनाऱ्यावरची धावपट्टी पावसाने बंद. टाकीत इंधन उरलं होतं ते एका प्रयत्नापुरतं, आणि तो फसला तर वर चढून जहाजाजवळ खुर्चीसकट बाहेर उडी घेण्यापुरतं. हेलिकॉप्टर त्यासाठी बाजूला घिरट्या घालतच होतं. विमान गेलं असतं, पोरगं वाचलं असतं. नियम साधा होता. तिसऱ्यांदा जरा जरी बिनसलं तर लाल दिवे.

तिसऱ्यांदा खिजर थोडा खाली होता. थोडाच. दुसऱ्या कुणाला राजवीरने तिथेच लाल दिवे दाखवले असते, हे तो स्वतःशी कधीच नाकारू शकला नाही. पण हा खिजर होता. बागल चौकातला पोरगा, खासगीत 'दादा' म्हणणारा, ज्याच्यासाठी राजवीरने वरिष्ठांकडे शब्द टाकला होता, की मी जामीन, याला जहाजावर घ्या. आता कोल्हापूरच्या पोराने विमान पाण्यात टाकलं म्हणून मेसमध्ये चर्चा होणार, हा विचार त्या दोन सेकंदांत त्याच्या डोक्यात आला. नको त्या वेळी आपल्या गावचा अभिमान आडवा आला. रेडिओवर बोलायचे शब्द ठरलेले असतात, इंग्रजी, मोजके. ते सोडून राजवीर घरच्या भाषेत बोलला.

"ये लेका, ये. हाय मी."

पुढच्याच क्षणी जहाजाचा मागचा भाग लाटेवर उचलला गेला. राजवीरने बटण दाबलं. दिवे लाल झाले. कानात ये म्हणणारा आवाज, डोळ्यांसमोर जा म्हणणारे दिवे. खिजर आला. विमानाचं पोट डेकच्या कडेवर आदळलं, चाकं तुटली, आणि ठिणग्यांचा एक लांब पट्टा ओढत ते डाव्या अंगाने पाण्यात गेलं. खुर्ची उडाली, पण तोवर विमान कलंडलं होतं. ती आभाळाकडे न जाता समुद्रात गेली.

चौकशी बसली. टेप ऐकवली गेली. वाऱ्याच्या आणि इंजिनाच्या घोंघाटात ते पाच शब्द पार बुडाले होते, मराठीत काहीतरी आहे इतकंच कळत होतं. अध्यक्षांनी सहज विचारलं, दिवे लागण्याआधी तुम्ही काय म्हणालात? राजवीरने काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "वर जा म्हणालो, सर." अध्यक्षांनी मान डोलावली. लेखनिकाने लिहून घेतलं. पुढच्या वर्षी राजवीरला स्क्वाड्रनची कमांड मिळायची होती. खोटं बोलायला एक क्षण लागला, आणि ते परत घ्यायला तीन महिने झाले तरी जमलं नव्हतं. अहवालात निष्कर्ष निघाला, वैमानिकाने तोंडी आदेश आणि लाल दिवे दोन्ही डावलून उतरण्याचा हट्ट केला. त्या अर्थाचं पत्र या घरात आलं होतं, आणि ते शबनूरने आपल्या आईबापांना वाचून दाखवलं होतं.

"पत्र आलं तवा मला पटलंच न्हाई," मिस्त्री सांगत होते. "मग इचार केला. लहानपणी दुकानात बसायचा माझ्या. लेथवर जॉब फिरताना हात घालू नको म्हटलं तरी घालायचा. एकदा कानफाटात दिलती त्येच्या. आडमुठं हुतं, साहेब. तुम्ही वर जा म्हणलासा, त्येनं ऐकलं न्हाई. तुमच्यासारखा मोठा माणूस त्येला धाकटा भाऊ मानायचा, आन त्येनं तुमचा हुकूम मोडला. त्येच्यापायी तुमाला चौकशीत उभं ऱ्हावं लागलं. लई वंगाळ झालं." म्हातारा खुर्चीवरून उठला, डोक्यावरची टोपी काढली आणि ती दोन्ही हातांत धरून राजवीरपुढे उभा राहिला. "माझ्या पोराला माफ करा साहेब. एवढं तोंडानं म्हना. त्येची वाट मोकळी हुईल."

राजवीर ताडकन उठला. त्याला मिस्त्रींचे हात धरायचे होते, पण धरवेनात. नाही म्हणावं तर का ते सांगावं लागणार. हो म्हणावं तर हा माणूस आज रात्री शांत झोपणार. मग काय वाईट आहे, असं त्याच्या मनाने लगेच पुढे केलं. लबाड मन अशा वेळी फार तत्पर असतं. म्हाताऱ्याचं समाधान होतंय ना, मग बोल की.

"माफ केलं, चाचा," तो म्हणाला.

"दिलानं?"

"दिलानं."

मिस्त्रींनी डोळे मिटले. टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि खुर्चीत असे बसले, जसा दिवसभर ओझं वाहिलेला हमाल बसतो. "झालं," ते म्हणाले. "हाफिजा, झालं गं. सगळ्यांनी माफ केलं आता."

राजवीरला तिथून पळून जायचं होतं. बुटापर्यंत चार पावलं होती. त्याने गाडीच्या किल्ल्या उचलल्याही.

"साहेब," हाफिजाबी पहिल्यांदाच बोलल्या. आवाज बारीक, पण स्पष्ट. "मला एक सांगा. तुम्ही वर जा म्हणलासा, त्यो खालीच आला. म्हंजे लई भ्याला हुता का त्यो? तुमचा आवाजच त्येच्या कानावर गेला नसंल का? माझं पोर येकटंच हुतं का हो तवा?"

चौकशीत उंची विचारली, वेग विचारला, इंधन विचारलं. तो घाबरला होता का, हे कुणी विचारलं नव्हतं. राजवीरने हाफिजाबींकडे पाहिलं आणि त्याच्या हातून किल्ल्या खाली ठेवल्या गेल्या. ही बाई आयुष्यभर आपलं पोर एकटं, भेदरलेलं, कुणाचा आवाज न येता मेलं असं समजत जगणार, आणि ते आपल्या कमांडपायी. त्याला स्वतःची किळस आली.

"एकटा नव्हता, चाची," तो म्हणाला. "भ्यालाही नव्हता. मी वर जा म्हणालोच नव्हतो."

मिस्त्री खुर्चीत पुढे सरकले.

"मी त्याला ये म्हणालो. आधी ये म्हणालो, आणि मग दिवे लावले. उशिरा लावले. त्यानं दिव्यांचं ऐकलं असतं तर वाचला असता. त्यानं माझं ऐकलं. चौकशीत मी खोटं सांगितलं."

"काय म्हणालासा?" हाफिजाबी म्हणाल्या. "तवा जसं म्हणलासा तसंच म्हना."

"चाची, नको."

"म्हना."

राजवीरला तो आवाज काढता येईना. तीन महिने तो रोज मनात तेच ऐकत होता, पण तोंडाने एकदाही उच्चारलं नव्हतं. शेवटी तो भुईकडे बघत बोलला, "ये लेका, ये. हाय मी."

हाफिजाबींनी पदर तोंडावर घेतला. पदराआडूनच विचारलं, "आन त्यो काय म्हणाला?"

"बोलायला वेळ नसतो तेव्हा आम्ही रेडिओचं बटण दोनदा दाबतो. टक टक असा आवाज येतो. म्हणजे कळलं, तुम्ही म्हणता तसं करतो. टेपवर ते दोन आवाज आहेत. सगळ्यांना वाटलं खरखर आहे. मी गप्प बसलो."

"म्हंजे त्येनं ऐकलं," हाफिजाबी म्हणाल्या आणि मग मोठ्याने रडायला लागल्या. पत्र आलं तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या, हे शबनूरने नंतर सांगितलं. ती आईजवळ जाऊन बसली, पण तिची नजर राजवीरवरून हटली नाही. "आमच्या पोरानं ऐकलं हो," हाफिजाबी नवऱ्याला सांगत होत्या. "त्येला बोलावलं म्हणून आला त्यो."

मिस्त्री ढिम्म बसून होते.

"चाचा," राजवीर म्हणाला, "मी चौकशी समितीला लेखी देणार. काय व्हायचं ते होऊ दे. मला माफ करा."

"मी?" मिस्त्रींनी मान वर केली. "मी कोन माफ करनार? ज्येचं गेलं त्येनं करायची आसती माफी. त्यो दर्यात हाय. जावा, तितं जाऊन मागा." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "आन आत्ता माझ्या तोंडावर माफ केलं म्हणलासा. दिलानं म्हणलासा. मी टोपी काढून हुबा हुतो तुमच्यापुढं."

शबनूर उठली, कपाटातून वही आणि पेन काढून त्याच्यासमोर ठेवलं. "आत्ता लिहा," ती म्हणाली. "गोव्याला गेल्यावर न्हाई. आत्ता, हितं."

"कागद मागनं," मिस्त्री म्हणाले. ते उठले आणि दारातल्या चपलांत पाय घालू लागले. पायाला चप्पल सापडत नव्हती, तरी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. "कागद दिल्लीला जाईल, कुनाच्या तरी टेबलावर पडंल. कोल्हापुरात कोन वाचतंय त्यो? साहेब, तुमाला म्हाईत हाय का, सत्तावीस दारांत जाऊन मी काय सांगितलं?"

राजवीरने नाही अशी मान हलवली.

"पैलं वाक्य काय आसायचं माझं? माझ्या पोरानं शेवटाला हुकूम मोडला. सरकारी विमान घालवलं, जीव घालवला. त्यो आडमुठाच हुता. तुमचंबी कवा ऐकलं नसंल तर माफ करा." म्हातारा रागाने खाकरला. "माझ्या तोंडानं सांगितलंय मी. बापाच्या तोंडानं. लोकांस्नी तुमच्या सरकारी पत्राचं काय ठावं नव्हतं. गावभर मीच त्येला बदनाम केलं. उठा. बूट घाला."

राजवीर उठला. कमांडर साहेब बुटाची नाडी बांधत होते आणि गाठ बसत नव्हती. शेवटी तो तशीच लोंबती नाडी घेऊन बाहेर आला. गल्लीत दिवेलागण झाली होती, पोरं क्लासहून परतत होती, कुणीतरी "मिस्त्री, पावणं आलं काय?" म्हणून हाक मारली. मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही. शेजारच्याच दाराची कडी वाजवली.

बनाबाई हात पुसत बाहेर आल्या. जाड भिंगांतून आधी मिस्त्रींकडे आणि मग या उंच परक्या माणसाकडे बघू लागल्या.

"बनाबाई, ह्ये खिजरचं साहेब. ह्येंस्नी काय सांगायचं हाय तुमाला," मिस्त्री म्हणाले आणि बाजूला झाले.

राजवीरने तोंड उघडलं. समितीपुढे त्याची जीभ किती सहज चालली होती. "मावशी," तो म्हणाला, "खिजरनं हुकूम मोडला नव्हता. चुकीचा हुकूम मी दिला, त्यानं तो पाळला. मग मी त्याच्यावर खोटा आळ घातला."

बनाबाईंना उमगायला वेळ लागला. त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि राजवीरने पुन्हा सांगितलं, तेच, तसंच, या वेळी गल्लीतली दोनतीन माणसंही थांबून ऐकत होती. बाई दाराला धरून उभ्या राहिल्या.

"आगं बया," त्या म्हणाल्या, "आन मी त्या लेकराला माफ केलं हुतं की. म्हटलं, जाऊ दे, हट्टानं मेलं. मी कोन हुते त्येला माफ करनारी?"

राजवीरने वाकून लोंबती नाडी बुटात खोचली. सिकंदर मिस्त्री तोवर पुढच्या दाराची कडी वाजवत होते.